अर्थसंकल्पावरची संसदेतली चर्चा कशी पाहावी: एकच योजना धरा आणि वर्षभर तिचा माग काढा

१ फेब्रुवारीला सकाळी ११ वाजता अर्थमंत्री भाषण सुरू करतात. दुपारपर्यंत काय स्वस्त, काय महाग याच्या पट्ट्या टीव्हीवर फिरू लागतात आणि दोन दिवसांत विषय मागे पडतो. पण त्या भाषणाने सरकारच्या हाती एक रुपयाही येत नाही. खर्चाची परवानगी मिळते ती मार्चमध्ये, लोकसभेने अनुदानाच्या मागण्या, म्हणजे एकेका मंत्रालयाने खर्चासाठी मागितलेल्या रकमा, मंजूर केल्यावर आणि ते पैसे काढायची परवानगी देणारं विनियोजन विधेयक संमत झाल्यावर. कर कायद्याशिवाय घेता येत नाही, असं राज्यघटनेचा अनुच्छेद २६५ एका वाक्यात सांगतो. देशाच्या एकत्रित निधीतून संसदेच्या मंजुरीवाचून पैसा काढता येणार नाही, हे अनुच्छेद ११४ सांगतो. म्हणजे सरकारच्या तिजोरीची किल्ली संसदेकडे आहे, आणि ती फिरते ती आपण टीव्ही बंद केल्यानंतरच्या आठवड्यांत.

ही प्रक्रिया सामान्य माणसाला कळण्यासारखी आहे. कागद सगळे खुले आहेत, कामकाज संसद टीव्हीवर दिसतं. फक्त कशामागून काय येतं आणि कुठल्या आकड्याशी कुठला आकडा ताडायचा, हे ठाऊक हवं.

पायरी १: विषय एकच निवडा

अख्खा अर्थसंकल्प समजून घ्यायच्या भानगडीत पडू नका. एक योजना किंवा एक खातं धरा: राष्ट्रीय आरोग्य अभियान, शालेय पोषण आहार, रेल्वेची सुरक्षा, पीक विमा, जे तुमच्या जिव्हाळ्याचं असेल ते. एका योजनेचा नीट माग काढला की बाकीच्या योजना वाचायची रीत आपोआप येते.

निवडताना एक गोष्ट तपासा: ती सेवा कोणाच्या अखत्यारीत आहे? संरक्षण, रेल्वे, टपाल केंद्राकडे आहेत. सार्वजनिक आरोग्य आणि पोलीस हे राज्यांचे विषय आहेत, तर शिक्षण समवर्ती सूचीत आहे. आरोग्यासाठी केंद्र पैसे देतं ते बहुतांशी केंद्र पुरस्कृत योजनांतून, आणि त्यात राज्याचाही वाटा असतो. बहुतेक मोठ्या राज्यांसाठी हे प्रमाण ६०:४० आहे. त्यामुळे तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर नसल्याचा जाब लोकसभेत मागितला, तर मंत्री ‘हा राज्याचा विषय आहे’ असं उत्तर देतील, आणि ते नियमाला धरून असेल. अशा वेळी केंद्राने आपला हिस्सा वेळेवर दिला का, असं विचारावं लागतं.

पायरी २: तीनच कागद उघडा

अर्थ मंत्रालयाच्या अर्थसंकल्पाच्या संकेतस्थळावर कागदपत्रांचा ढीग असतो. सुरुवातीला तीन पुरे. ‘अर्थसंकल्प एका दृष्टिक्षेपात’ हा छोटा कागद एकूण चित्र देतो. दुसरा खर्चाच्या अर्थसंकल्पाचा खंड. त्यात प्रत्येक मंत्रालयाची मागणी आणि तिच्याखाली प्रत्येक योजनेची ओळ असते. मागण्यांना क्रमांक असतात आणि ते वर्षागणिक बदलू शकतात, म्हणून खात्याच्या नावाने शोधा. तिसरा कागद म्हणजे वित्त विधेयकाचं, म्हणजे करांतले बदल कायद्यात आणणाऱ्या विधेयकाचं, स्पष्टीकरण देणारं निवेदन. मूळ विधेयकाची भाषा जड असते. या निवेदनात कुठलं कलम का बदललं हे सरळ लिहिलेलं असतं.

पायरी ३: रकाने ओळखा, अर्धी चर्चा इथेच कळते

कुठल्याही योजनेच्या ओळीत चार रकाने दिसतील. दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज. सभागृहात आकड्यांवरून जी खडाजंगी होते, तिच्या मुळाशी बहुतेक वेळा एवढंच असतं की एक बाजू एका रकान्याशी तुलना करते आणि दुसरी दुसऱ्या.

केंद्राच्या रोजगार हमीचं (मनरेगा) उदाहरण घेऊ. २०२२-२३ साठी अर्थसंकल्पात ७३,००० कोटी रुपये होते. कामाची मागणी वाढली आणि सुधारित अंदाज ८९,४०० कोटींवर गेला. पुढच्या वर्षी, २०२३-२४ साठी, तरतूद झाली ६०,००० कोटींची. ही कपात किती? अर्थसंकल्पीय अंदाजाशी ताडली तर सुमारे १८ टक्के, सुधारित अंदाजाशी ताडली तर जवळपास ३३ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत.

पुढे काय झालं तेही पाहा. २०२३-२४ चा सुधारित अंदाज ८६,००० कोटींवर न्यावा लागला, आणि २०२४-२५ साठी तेवढेच, ८६,००० कोटी ठेवले गेले. आता ‘६० हजारांवरून ८६ हजार, तब्बल ४३ टक्के वाढ’ असं म्हणता येतं, आणि ‘सुधारित अंदाजाच्या तुलनेत एक पैशाचीही वाढ नाही’ असंही. मला दुसरी तुलना जास्त प्रामाणिक वाटते, कारण सुधारित अंदाज जानेवारीच्या सुमारास, वर्षाचा बराचसा खर्च डोळ्यांसमोर असताना ठरतो. पण त्याहूनही महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. दर वर्षी मागणी जास्त येते हे दिसत असताना सुरुवातीला कमी रक्कम का ठेवायची? मागणीनुसार काम देण्याचं बंधन असलेल्या योजनेत सुरुवातीचा पैसा कमी पडला की त्याचा फटका मजुरीच्या थकबाकीच्या रूपाने बसतो. तुमचा खासदार हे विचारतो का, ते बघा.

म्हणून वहीत आपल्या योजनेसाठी एक तक्ता आखा. गेली पाच वर्षं आणि प्रत्येक वर्षाचे तीन आकडे: अर्थसंकल्पीय, सुधारित, प्रत्यक्ष. त्यासाठी जुन्या वर्षांचे खंड उघडावे लागतील, तेही त्याच संकेतस्थळावर आहेत. तासाभराचं काम आहे, पण हा तक्ता हाताशी असला की भाषण ऐकण्याची रीतच बदलते.

पायरी ४: सर्वसाधारण चर्चा ऐकताना काही ठरावीक वाक्यांशी थांबा

अर्थसंकल्प मांडल्यानंतर काही दिवसांनी दोन्ही सभागृहांत सर्वसाधारण चर्चा होते. इथे मतदान नसतं, भाषणं धोरणावर असतात आणि शेवटी अर्थमंत्री उत्तर देतात. सभात्याग, घोषणा यांकडे कानाडोळा करा. खालची वाक्यं आली की मात्र कान टवकारा.

‘आजवरची सर्वाधिक तरतूद.’ महागाई असते तोवर जवळपास प्रत्येक वर्षाची रक्कम आधीच्या वर्षापेक्षा मोठीच असणार. त्या खात्याचा एकूण खर्चातला वाटा वाढला की घटला, हे पाहा. एकूण खर्च दहा टक्क्यांनी वाढला आणि त्या खात्याचा पाचने, तर ‘सर्वाधिक’ असूनही ते खातं मागे पडलं.

‘जीडीपीच्या इतके टक्के.’ २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारी आरोग्य खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचं उद्दिष्ट होतं. २०२० चं शैक्षणिक धोरण शिक्षणासाठी ६ टक्के म्हणतं. ही उद्दिष्टं केंद्र आणि राज्यं मिळून आहेत. फक्त केंद्राची रक्कम घेऊन टक्केवारी काढणारा सदस्य अर्धंच चित्र दाखवतो, आणि राज्यांची बेरीज केंद्राच्या खाती जमा करणारा मंत्रीही तेच करतो.

‘रुपयातले इतके पैसे.’ २०२५-२६ चा एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी रुपये धरला होता आणि व्याजापोटी १२.७६ लाख कोटी. म्हणजे चौथा हिस्सा. पण ‘रुपया कुठे जातो’ या सरकारी चित्रात व्याजाचे २० पैसेच दिसतात. कारण त्या चित्रातल्या रुपयात राज्यांना जाणारा करांचा वाटा, २२ पैसे, धरलेला असतो, ५०.६५ लाख कोटींच्या आकड्यात तो नसतो. यात कुणी खोटं बोलत नाही. भागाकार कशाने केला हे विचारल्याशिवाय टक्केवारी स्वीकारायची नाही, एवढं ध्यानात ठेवा.

पायरी ५: स्थायी समितीचा अहवाल वाचा

सर्वसाधारण चर्चेनंतर संसदेला काही आठवड्यांची सुट्टी असते आणि त्या काळात विभागीय स्थायी समित्या मागण्या तपासतात. १९९३ मध्ये अशा १७ समित्या सुरू झाल्या. आज २४ आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. बैठका बंद दाराआड होतात, सचिवांना समोर बसवून प्रश्न विचारले जातात. कॅमेरा नसल्यामुळे असेल, पण इथे सत्ताधारी सदस्यही मोकळेपणाने विचारतात आणि अहवाल बहुधा एकमताने येतो. सगळ्या प्रक्रियेत सर्वांत जास्त माहिती या अहवालांत असते आणि सर्वांत कमी वाचले जातात तेही हेच. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अहवाल शंभर-सव्वाशे पानांचा असला तरी सगळा वाचायला नको. आपल्या योजनेचं नाव शोधा आणि तीन गोष्टी टिपा. मंत्रालयाने किती मागितले आणि अर्थ खात्याने किती दिले. ही तफावत एरवी मंत्री उघडपणे सांगत नाहीत, समितीच्या तक्त्यात ती छापलेली असते. मागच्या वर्षी किती रक्कम अखर्चित राहिली आणि खात्याने कारण काय दिलं. आणि जाड ठशात छापलेल्या समितीच्या शिफारशी.

शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. पण त्यांवर काय केलं हे सरकारला कळवावं लागतं आणि त्यावर समिती पुन्हा कार्यवाही अहवाल काढते. मागच्या वर्षीचा कार्यवाही अहवाल शेजारी ठेवून वाचलात तर कुठल्या शिफारशीला वाटाण्याच्या अक्षता लावल्या गेल्या ते लगेच दिसतं.

पायरी ६: मागण्यांवरची चर्चा, कपात सूचना आणि गिलोटिन

आता मार्च. लोकसभा एकेका मंत्रालयाच्या मागण्या चर्चेला घेते. घटनेच्या अनुच्छेद ११३ नुसार लोकसभा मागणी मंजूर करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते. वाढवू शकत नाही. म्हणून अंगणवाडीला जास्त पैसे द्या, असं म्हणणाऱ्या सदस्यालाही त्या खात्याची मागणी कमी करा अशीच सूचना द्यावी लागते. ऐकायला हे उलटं वाटतं. ती केवळ विषय मांडायची वाट आहे.

कपात सूचना तीन प्रकारच्या. मागणी एक रुपयावर आणा, असं म्हटलं तर ती धोरण नामंजुरीची सूचना. ठरावीक रक्कम कमी करा म्हटलं तर काटकसरीची. आणि १०० रुपये कमी करा म्हटलं तर एखाद्या विशिष्ट तक्रारीकडे लक्ष वेधणारी सांकेतिक सूचना. सर्वांत जास्त येतात त्या या शेवटच्या प्रकारच्या. त्यांच्या याद्या लोकसभेच्या संकेतस्थळावर असतात. कुठल्या सदस्याने कशावर बोट ठेवलं ते तिथे दिसेल. कपात सूचना संमत होणं म्हणजे सरकारवरचा विश्वास उडणं, म्हणून ती संमत होत नाही. पण मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं, आणि ते कामकाजात नोंदलं जातं.

व्याज, राष्ट्रपतींचं वेतन, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार असा काही खर्च भारित असतो. त्यावर चर्चा होऊ शकते, मतदान नाही.

मंत्रालयं अनेक आणि दिवस थोडे, त्यामुळे दर वर्षी मोजक्याच मंत्रालयांवर सविस्तर चर्चा होते. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी अध्यक्ष उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकतात. यालाच गिलोटिन म्हणतात. २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये गदारोळात एकाही मंत्रालयाच्या मागणीवर चर्चा झाली नाही आणि सगळ्याच मागण्या अशा संमत झाल्या. २०२३ मधली रक्कम ४५ लाख कोटींच्या घरातली होती. दोष कुणाचा यावर दोन्ही बाजू भांडतील. ज्या कामासाठी लोकसभा मुख्यत्वे आहे ते काम त्या दोन्ही वर्षी झालं नाही, हे मात्र दोघांनाही नाकारता येणार नाही. तुमच्या योजनेचं मंत्रालय चर्चेच्या यादीत आहे की गिलोटिनमध्ये गेलं, याची वहीत नोंद करा.

मतदान कसं झालं तेही लिहा. आवाजी मतदानात कोण ‘हो’ म्हणाला आणि कोण ‘नाही’, याची नावानिशी नोंद राहत नाही. मतविभागणी मागितली गेली तरच ती राहते.

पायरी ७: करांसाठी वित्त विधेयकाची शेवटची आवृत्ती पाहा

फेब्रुवारीच्या भाषणात सांगितलेला कर आणि मार्चअखेर कायद्यात आलेला कर एकच असेल असं धरून चालू नका. मध्ये सरकार स्वतःच दुरुस्त्या आणतं. मार्च २०२३ मध्ये डेट म्युच्युअल फंडांवरच्या दीर्घकालीन भांडवली नफ्याची सवलत अशाच दुरुस्तीने गेली. भाषणात तिचा उल्लेख नव्हता, आणि विधेयक चर्चेविनाच लोकसभेत संमत झालं.

उलट उदाहरणही आहे. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात घर-जमिनीच्या विक्रीवरच्या करातून इंडेक्सेशनचा, म्हणजे महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून धरण्याचा, लाभ काढला आणि दर २० वरून १२.५ टक्के केला. त्यावर बाहेर आणि सभागृहात जोरदार टीका झाली. ऑगस्टमध्ये विधेयक संमत होताना दुरुस्ती आली: २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या मालमत्तेसाठी निवासी व्यक्तींना आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना दोन्हींपैकी जो कर कमी बसेल तो. बोलण्याचा उपयोग होतो तो असा, आणि त्यासाठीची मुदत विधेयक संमत होईपर्यंतच असते.

जीएसटीचे दर या विधेयकात शोधू नका. ते केंद्र आणि राज्यांच्या जीएसटी परिषदेच्या शिफारशीने ठरतात. आणि अधिभार (करावर आकारलेला जादा कर) व उपकर (ठरावीक कामासाठी म्हणून घेतलेला कर) यांकडे वेगळं लक्ष द्या. राज्यांना मिळणाऱ्या वाट्यात हे दोन्ही येत नाहीत. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी वाटपयोग्य करांतले ४१ टक्के राज्यांना आणि त्यातले ६.३१७ टक्के महाराष्ट्राला ठरवून दिले. केंद्राने मूळ दर न वाढवता उपकर वाढवला, तर त्या वाढीव वसुलीतलं काहीच राज्याच्या वाट्याला येत नाही.

विधेयकात करांशी संबंध नसलेल्या गोष्टी घुसल्या आहेत का, हेही पाहा. २०१७ च्या वित्त विधेयकातून निवडणूक रोख्यांची वाट मोकळी झाली. धन विधेयक असल्यामुळे राज्यसभेने सुचवलेल्या पाच दुरुस्त्या लोकसभेने फेटाळल्या आणि विषय तिथेच मिटला. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरवली. धन विधेयक राज्यसभेला १४ दिवसांत परत करावं लागतं आणि तिच्या सूचना मानायच्या की नाही हे लोकसभा ठरवते. मागण्यांवर तर राज्यसभा मतदान करतच नाही. तरी तिथे मंत्रालयांच्या कारभारावर होणारी चर्चा ऐकावी. ती अनेकदा जास्त मुद्द्याला धरून असते.

पायरी ८: एप्रिलनंतर माग सोडू नका

महालेखा नियंत्रक दर महिन्याचे हिशेब प्रसिद्ध करतात. तुमच्या मंत्रालयाने सप्टेंबरपर्यंत वर्षाच्या तरतुदीतला किती टक्के खर्च केला ते तिथे दिसतं. अर्थ मंत्रालयाचा दंडक असा, की शेवटच्या तिमाहीत ३३ टक्क्यांपेक्षा आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च होऊ नये. अर्धं वर्ष उलटून एक चतुर्थांश खर्चही झाला नसेल, तर सुधारित अंदाजात त्या योजनेला कात्री लागण्याची दाट शक्यता असते.

पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात. त्यात काही ठिकाणी खरी नवी रक्कम असते, आणि काही ठिकाणी नाममात्र रक्कम, कारण खात्यातलीच बचत दुसरीकडे वळवायची असते. कुणाच्या बचतीतून पैसा वळवला, हे तळटीपांत दिलेलं असतं.

याच काळात खासदाराकडे प्रश्न पाठवा. लोकसभेच्या प्रश्नाला किमान १५ दिवसांची पूर्वसूचना लागते, म्हणून अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच द्या. मोघम तक्रार नको, मंत्रालयाला आकडा द्यावाच लागेल असा प्रश्न हवा. उदाहरणार्थ:

‘(क) गेल्या तीन वर्षांत राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली महाराष्ट्रासाठी मंजूर झालेली, प्रत्यक्ष दिलेली आणि वापरली गेलेली रक्कम वर्षनिहाय किती, (ख) प्रत्येक वर्षाचा शेवटचा हप्ता कोणत्या तारखेला दिला, (ग) अखर्चित रक्कम असल्यास तिची कारणं कोणती?’

यातला (ख) भाग मोलाचा आहे. रक्कम पूर्ण दिल्याचं उत्तर सहज येतं. ती मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दिली, हे तारीख विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. दिवसाला तोंडी उत्तरासाठीचे २० तारांकित प्रश्न असतात आणि त्यांतले थोडेच तोंडी उत्तरापर्यंत पोचतात. आकडे हवे असतील तर अतारांकित प्रश्न पुरतो, कारण लेखी उत्तर तक्त्यासह पटलावर येतं आणि कायमचं उपलब्ध राहतं.

पायरी ९: दोन-तीन वर्षांनी कॅगचा अहवाल

नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे (कॅगचे) अहवाल संसदेत मांडले जातात आणि मग २२ सदस्यांची लोकलेखा समिती त्यांतले निवडक विषय तपासते. १९६७ पासून या समितीचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे. मंजुरीपेक्षा जास्त खर्च झाला असेल तर तोही या समितीने तपासल्यावर जादा अनुदान म्हणून नियमित करून घ्यावा लागतो.

कॅग काय पकडतं याचा एक नमुना. २०१८-१९ मध्ये ३५ उपकर आणि इतर आकारांतून २,७४,५९२ कोटी रुपये जमा झाले. ज्या कामांसाठी ते घेतले, त्यांच्या राखीव निधींकडे वळते झाले १,६४,३२२ कोटी. उरलेले १ लाख १० हजार कोटींहून अधिक रुपये एकत्रित निधीतच राहिले. शिक्षणासाठी, रस्त्यांसाठी म्हणून आपण उपकर भरतो. तो त्याच कामाला गेला की नाही हे अर्थसंकल्पाच्या भाषणात कधीच कळत नाही, या अहवालात कळतं.

अहवाल हाती आला की पाचव्या पायरीवर टिपलेली समितीची शिफारस काढा आणि शेजारी ठेवा. समितीने तीन वर्षांपूर्वी ज्यावर बोट ठेवलं तोच दोष कॅगलाही सापडला असेल, तर पुढच्या अधिवेशनासाठी खासदाराकडे पाठवायचा प्रश्न तयारच आहे. अहवालाचा क्रमांक आणि परिच्छेद प्रश्नातच लिहा.